भाव आजच्यापुरता

"सोला जीबी का अभी का भाव बोलता हूँ. चाय पी के आओगे तो फिर से पूछना."

शेठ कॅल्क्युलेटरवर आकडा दाबतात आणि तो काउंटरवरून माझ्या भाच्याकडे सरकवतात. तोंडाने बोलत नाहीत, कारण काउंटरला आणखी चार गिऱ्हाईकं टेकलेली आहेत आणि चौघांचा भाव चार तऱ्हेचा असू शकतो. भाचा आकडा पाहतो, पुसतो, स्वतःचा टाकतो, परत सरकवतो. शेठ तिकडे बघतही नाहीत. "माल ही नहीं है, भाई. भाव की बात बाद में."

लॅमिंग्टन रोड, सकाळचे अकरा. १० जानेवारी २०२६, महिन्यातला दुसरा शनिवार. महापालिकेचं मतदान पाच दिवसांवर आलंय, त्यामुळे दर थोड्या वेळाने एक टेम्पो भोंगा वाजवत जातो आणि तेवढा वेळ अख्खा बाजार हातवाऱ्यांवर चालतो. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन अजून टॅक्सीवाल्यांच्या तोंडी टिकून आहे. माझ्या पिढीला हा रस्ता 'मिनर्व्हा'मुळे ठाऊक. तिथे 'शोले' पाच वर्षं चालला. भाच्याला मिनर्व्हा नेमकं कुठे होतं ते सांगता येणार नाही. मात्र कुठल्या इमारतीच्या कुठल्या जिन्याखाली कोण प्रिंटरचं हेड दुरुस्त करतो, हे त्याला पाठ आहे.

सोमवार ते शुक्रवार तो ऐरोलीच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर असतो. गळ्यात पट्टा, पाठीला सॅक, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर. शनिवार-रविवार तो डोंबिवली पूर्वेच्या एका गाळ्यात राबतो. संगणक, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे विकायचे आणि विकलेलं सांभाळायचं. फर्म बायकोच्या नावावर आहे. हे वाक्य ऐकून तुम्ही गालात हसाल. पण ही फर्म खरोखर तीच चालवते, ते संध्याकाळी दिसेल. सध्या मी पिशवी धरून मागे उभा आहे.

"मामा, चार महिन्यांपूर्वी कोटेशनवर खाली लिहायचो, 'भाव पंधरा दिवस वैध'," भाचा पाठीमागे वळून सांगतो. "आता लिहितो, 'भाव आजच्यापुरता'."

रॅमचा भाव चार महिन्यांत दुपटीच्या वर गेलाय. कारण इथल्या कुठल्याच शेठच्या हातात नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींनाही सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणारी महागडी मेमरी विकण्यात जास्त पैसा दिसतो. गेल्या डिसेंबरात मायक्रॉनने किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रूशियल' ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीरच केलं. त्याचा धक्का डोंबिवलीच्या क्लासवाल्यापर्यंत पोचलाय. त्याला आपले जुने संगणक आठवरून सोळा जीबी करून हवे होते. दिवाळीत 'बघू नंतर' म्हणाला, आणि आता फोनवर विचारतो, "एवढं कसं काय?"

काउंटरच्या टोकाचा पोरगा हळूच पुढे सरकतो. बिलाशिवाय हवं असेल तर अठराच्या अठरा टक्के वाचतील, आणि वर थोडं कमीही होईल. अगदी प्रेमाने सांगतो. भाचा मान हलवतो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाला वॉरंटी नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट नाही, आणि गिऱ्हाईक पक्कं बिल मागेल तेव्हा ते द्यायला खरेदीच नाही. या रस्त्यावर दुसऱ्याही प्रकारचा धंदा जोरात चालतो, आणि तो करणारे सगळेच बुडतात असं सांगितलं तर ते खोटं होईल. कित्येकांचे बंगले झालेत. पण ज्याच्या दुसऱ्या खिशात पगाराची चिठ्ठी आहे आणि ज्याची कंपनी त्याच्या वागण्याकडे डोळा ठेवून आहे, त्याला तो रस्ता परवडत नाही.

शेवटी शेठ आतून दोन पट्ट्या काढून देतात. "माल नहीं है" म्हटलेला माल या बाजारात बहुतेक वेळा चहा यायच्या आत सापडतो. भाचा खोक्याचा सील उजेडात धरतो, खोक्यावरचा सिरियल नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळवतो, दोन्हींचा फोटो काढतो, मग बिलावर तोच नंबर छापलाय का ते तपासतो. मागचं गिऱ्हाईक चुळबुळतं. उद्या पट्टी जळाली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर हाच नंबर विचारणार आहेत, आणि तो जुळला नाही तर पट्टीचे पैसे याच्या खिशातून जाणार.

बारा नव्या डेस्कटॉपचा भाव मात्र तो नुसता विचारून ठेवतो. ठाण्याच्या एका पार्टीला हवे आहेत. बाराचे मिळून पाच लाखांच्या आसपास बसतील, वर कर. शेठ क्षणभर पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघतात. "पार्टी पैसा कब देगी?"

"वो आज शाम को बोलूंगा."

"तो भाव भी शाम को."

शेजारच्या इमारतीचा जिना चढून आम्ही तिसऱ्या मजल्यावर जातो. इथे जुने लॅपटॉप आहेत. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा काढून टाकतात, ते लॉटमध्ये येतात. भिंतीला लागून छातीएवढ्या थप्प्या, चार्जरचा एक स्वतंत्र डोंगर, आणि स्पिरिटचा वास. एक मुलगी कापसाने झाकणांवरचे स्टिकर घासून काढतेय. मालकिणबाई मराठी आहेत. "आठवी पिढी डावीकडे, सहावी-सातवी उजवीकडे. उजवीकडचं काहीही उचला, जवळजवळ फुकट."

फुकट असायचं कारण १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. उजवीकडची यंत्रं धडधाकट आहेत. हातात घेतली की चांगली वाटतात, पडदे स्वच्छ, बटणं कडक. तरी भाचा तिकडे वळत नाही.

क्लासवाल्यासाठी चार नग हवे आहेत. तो जमिनीवर मांडी घालून बसतो आणि पहिला उघडतो. आधी पडदा पूर्ण पांढरा करून डागांसाठी तिरका बघतो. बिजागरी दोनदा उघडमीट. एकेक बटण दाबून बघायला छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आहे. मग बॅटरीचा अहवाल काढतो. मूळ क्षमता पन्नास हजार मिलिवॅट-तास, आज भरते ती एकतीस हजार. तो बाजूला. दुसरा, तिसरा पास. चौथा दिसायला सगळ्यांत देखणा, जणू खोक्यातून आत्ता काढलेला. भाचा त्याला कोऱ्या स्थितीत आणतो, फोनच्या हॉटस्पॉटला जोडतो आणि वाट बघतो. मीही वाकून बघतो. पडद्यावर स्वागताचा संदेश येतो आणि खाली एका परक्या कंपनीचं नाव. पुढे जायचं तर तिथल्या कर्मचाऱ्याचा आयडी आणि पासवर्ड द्या.

"हे बघा मामा. कंपनीने यंत्र विकलं, पण आपल्या यादीतून काढलंच नाही. नेट जोडलं नाही तर कळत नाही, विकून टाकता येतं. गिऱ्हाईक घरी जाऊन कधी ना कधी फॉरमॅट मारतं आणि मग हे समोर येतं."

मालकिणबाई न बोलता तो उचलतात आणि बाद झालेल्या दोन्हींच्या जागी दुसरे देतात. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत नाही. भाचा विचारत नाही. या धंद्यात माणूस ओळखायला बसण्यापेक्षा यंत्र तपासणं स्वस्त पडतं, असं त्याचं मत दिसतं.

हा नेट जोडून बघायचा धडा त्याला बाजाराने दिलेला नाही. ऐरोलीच्या नोकरीत अशी शेकडो यंत्रं कंपनीच्या यादीत घालायचं आणि काढायचं काम त्याच्याच हाताखालून जातं. नोकरी आणि धंदा याच्या आयुष्यात असे एकमेकांत घुसलेले आहेत, आणि भानगड नेमकी तिथेच आहे.

दादरला गाडी बदलून आम्ही ठाणे फास्टमध्ये उभे आहोत, लॅपटॉपची बॅग पायांच्या मध्ये. मी सरळ विचारतो, "ऑफिसला माहीत आहे?"

"लेखी."

फोनवर तो पत्र दाखवतो. एचआरच्या भाषेतलं, रुक्ष, अर्ध्या पानाचं. पत्नीच्या व्यवसायात सुट्टीच्या दिवशी मदत करण्यास हरकत नाही, मात्र कंपनीला किंवा कंपनीच्या ग्राहकांना कोणताही पुरवठा नाही, कामाच्या वेळेत व्यवसाय नाही, कंपनीची माहिती, लायसन्स किंवा साधनं वापरायची नाहीत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "विचारलंस कशाला? बाकीचे विचारतात का?" बाकीचे विचारत नाहीत हे खरंच. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने तीनशे जणांना घरी पाठवल्याचं सांगितलं, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी चोरून काम करत होते म्हणून. तेव्हा याच्या गटातल्या कित्येकांनी लिंक्डइनवरचे जोडधंदे रातोरात पुसले. याने त्याच आठवड्यात पत्र मागितलं. सरकारी नोकरी असती तर हा पर्यायही इतका सोपा नव्हता. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ सालचे आहेत आणि खाजगी व्यापाराच्या बाबतीत अजून कडक आहेत.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत गाळ्याचा फोन याच्याकडे येतच नाही. गिऱ्हाइकाला एकच नंबर दिलाय, तो बायकोकडे. रात्री नऊ ते दहा तो घरी बसून दिवसातली अडलेली कामं बघतो, दहाला बंद. सध्या दहानंतर सीसीएनएचा अभ्यास चालू आहे. सिस्कोचं हे प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं, मग नूतनीकरण.

"पण नुकसान झालंच ना काही?" मी खोदतो.

घाटकोपर जाईपर्यंत तो बोलत नाही. मग सांगतो, की मागच्या वर्षी टीम लीड व्हायला विचारलं होतं. लीडला शनिवार-रविवार पाळीने ऑन-कॉल राहावं लागतं. त्याने नाही म्हटलं. त्याच्या मागून लागलेला मुलगा आता त्याचा लीड आहे. "चांगला आहे तो. पण कळतं ना, मामा, मीटिंगमध्ये बसलं की."

दोन्ही डगरींवर हात ठेवून तरून जाता येतं असं सांगणारी व्याख्यानं हल्ली पैशाला पासरी मिळतात. त्यात हा लीड होऊन बसलेला मुलगा कधीच नसतो. नोकरी सांभाळली याचा अर्थ नोकरी होती तिथे राहिली, एवढाच बऱ्याचदा असतो. भाच्याने ते उघड्या डोळ्यांनी पत्करलंय, म्हणून मला त्याची कीव येत नाही. फक्त जो हिशेब मांडायचा त्यात हा खर्चही मांडावा, असं वाटतं.

ठाण्यात उतरून आम्ही बारा डेस्कटॉपवाल्या पार्टीकडे पोचतो. वागळे इस्टेटमधलं हे ऑफिस एका वाहतूकदाराचं आहे. खाली ट्रकचं आवार, वर दोन खोल्या, भिंतीवर साईबाबा आणि ट्रकांच्या विम्याच्या तारखांचा फळा. गाळ्यातला पोरगा आधीच येऊन टेबलाखाली शिरलाय. उंदराने केबल कुरतडलीय. तो नवीन केबलचं साल काढतो आणि आतल्या आठ तारा बोटांनी सरळ करत स्वतःशीच पुटपुटतो, "नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी." नखाने टोकं एका रेषेत आणतो, पकडीने कापतो, पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवतो आणि डोळ्याजवळ नेऊन आठही टोकं शेवटपर्यंत पोचली का ते बघतो. मग क्रिम्परचा कट्ट आवाज. टेस्टरवर आठ हिरवे दिवे ओळीने पेटतात. बारावी नापास आहे, पण हे काम कुणीही यापेक्षा नीट करू शकणार नाही.

भाचा अकाउंट्सच्या बाईंपाशी जातो. "मॅडम, मागच्या मंगळवारची कुठलीही एक बिल्टी सांगा."

बाई वहीतून एक नंबर सांगतात. तो बॅकअपच्या यंत्रातून मंगळवार रात्रीची प्रत काढतो, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडतो आणि ती बिल्टी पडद्यावर आणतो. गाडी नंबर, माल, वजन, भाडं. बाई वहीशी ताडून बघतात. "आहे." तो एका कार्डावर तारीख घालून त्यांची सही घेतो. बॅकअप घेतला जातोय असं सांगणारे पुष्कळ भेटतात. परत काढून दाखवणारा मी पहिल्यांदाच बघतोय. यातून आज एक रुपयाही मिळालेला नाही, पण वर्षाच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, टिकतो तो या पाच मिनिटांवर.

साहेब आतल्या खोलीत बोलावतात. वय साठीच्या घरातलं, बोलणं मोकळं, चहा आधीच सांगितलेला. "या इंजिनिअर. बारा मशीनचं काय झालं? आणि हे बघा, साठ दिवसांनी पेमेंट. आमचंही गिऱ्हाईक आम्हाला नव्वद दिवसांनी देतं."

भाचा आधी दुसरंच काढतो. "साहेब, एएमसीचं बिल ऑक्टोबरपासून आहे. साठ हजार, वर दहा हजार आठशे जीएसटी."

"अरे देतो की! आज बँक बंद. दुसरा शनिवार."

"बँक बंद असली तरी एनईएफटी चालू असतं, साहेब. डिसेंबर २०१९ पासून. चोवीस तास."

क्षणभर शांतता. मग साहेबच मोठ्याने हसतात आणि बाईंना हाक मारतात. "अहो, यांचं टाकून द्या आत्ता. नाहीतर हा माझ्याकडे व्याज मागेल." बाई ओटीपी विचारायला आत येतात, साहेब चष्मा कपाळावर चढवून फोनमधला आकडा वाचतात. पैसे चहा संपायच्या आत जमा होतात.

बारा मशीनवर मात्र गाडी अडते. भाच्याचं म्हणणं: अर्धे आगाऊ, उरलेले माल उतरल्यावर. साहेबांचं म्हणणं: मग तुमच्याकडून कशाला घ्यायचं? आवाज कुणाचाच चढत नाही. साहेब म्हणतात, दुसरीकडे बघतो. भाचा म्हणतो, जरूर बघा. जिना उतरताना मला राहवत नाही. पाच लाखांचं काम, आणि हा माणूस देणारा आहे, आत्ताच दिले की.

"मामा, दिले ते तीन महिन्यांनी. त्यातले दहा हजार आठशे मी नोव्हेंबरच्या वीस तारखेलाच सरकारला भरून बसलोय. आणि मालाचं गणित तर तिला विचारा."

डोंबिवली पूर्व, संध्याकाळचे सात. गाळा बारा बाय दहाचा. बाहेरच्या फळीवर प्रिंटरच्या शाईच्या बाटल्या, आत टॅलीसमोर भाचेसून. तिने लग्नाआधीपासून सात-आठ वर्षं एका संगणक वितरकाच्या बिलिंग विभागात काढली. फर्मचं पहिलं भांडवल म्हणजे तिचा तिथला पीएफ. डब्यातले तिळाचे लाडू माझ्यापुढे सरकवत ती फोनवर बोलत राहते. "शेठ, डिसेंबर का हमारा बिल चढाया क्या? कल ग्यारह है." उद्या ११ तारीख, महिन्याच्या विक्रीचं विवरण भरायचा शेवटचा दिवस. पुरवठादाराने बिल चढवलं नाही तर १४ तारखेला, म्हणजे यंदा ऐन संक्रांतीला, जी यादी पोर्टलवर निघते तिच्यात ते दिसणार नाही, आणि यांनी भरलेल्या कराचं क्रेडिट लटकणार. म्हणून दर महिन्याच्या दहा तारखेला ती दुसऱ्यांचे गृहपाठ तपासते.

"मालाचं गणित काय?" मी विचारतो.

ती पाठकोऱ्या कागदावर मांडते. विक्री पाच लाख. खरेदी चार लाख ऐंशी हजार, वर कर धरून पाच लाख सहासष्ट हजार चारशे. वितरक दीड टक्का महिना व्याज लावतो. पार्टीने दोन महिने लावले की व्याजाचे जवळजवळ सतरा हजार. सुटणारे होते वीस हजार. "उरले तीन. त्यात टेम्पो, त्यात पोराचा दिवस, त्यात एखादं मशीन बिघडून निघालं तर ठाणे-डोंबिवली फेऱ्या."

"आणि तो पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा कायदा?"

"तो आम्हाला अर्धाच लागू." ती एका दमात सांगते, म्हणजे हे तिने पुष्कळदा सांगितलेलं असणार. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जासाठी. थकलेल्या पैशांचं संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला नाही. म्हणून तिने सेवा वेगळी नोंदवून घेतलीय आणि बिलंही कायम दोन करते, मालाचं एक, बसवण्या-सांभाळण्याचं दुसरं. तिच्या यादीत येणेकऱ्यांचे चार रकाने आहेत: तीस दिवस, साठ, नव्वद आणि त्यापुढचे. शेवटच्या रकान्यात तीन नावं लाल आहेत. त्यातलं एक भाच्याच्या सख्ख्या मित्राचं. त्यावर कुणी बोलत नाही.

पोरगा एका सोसायटीतून कॅमेऱ्यांचं माप घेऊन येतो. चेअरमनना स्वस्तातले जुने कॅमेरे हवे आहेत. गेल्या वर्षीच्या ९ एप्रिलपासून सुरक्षेच्या चाचणीत पास नसलेला कॅमेरा बाजारात आणायला बंदी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. भाचेसून म्हणते, "मी बोलते त्यांच्याशी. तू त्यांना भाव सांगू नकोस."

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजतो. वागळे इस्टेटच्या साहेबांचा संदेश: एका ऑनलाइन दुकानाचा फोटो. तोच डेस्कटॉप, याच्या खरेदीपेक्षाही कमी भावात. खाली एक प्रश्नचिन्ह.

मला वाटतं, आता हा चिडेल. तो फोन बायकोला देतो. ती बघते, कॅल्क्युलेटरवर काहीतरी दाबते आणि म्हणते, "घेऊ देत तिथून. बसवायचे प्रत्येकी दीड हजार. जुना डेटा नवीनवर घालणं, प्रिंटर जोडणं, बॅकअपमध्ये बाराच्या बारा घेणं, सगळं त्यात. अठरा हजार. आगाऊ."

"आणि एएमसी?"

"बारा मशीन वाढली ना? एप्रिलपासून वाढवून मिळेल असं आत्ताच लिही."

तो लिहितो. साहेबांचा अंगठा येतो. पाच लाखांची उलाढाल हातची गेली आणि एक रुपया न अडकवता, तिच्यातून सुटणार होते जवळजवळ तेवढेच पैसे आले. वर्षअखेरीला कुणी 'फर्म केवढी वाढली' म्हणून विक्रीचा आकडा विचारला, तर तो या व्यवहाराने छोटाच दिसेल. हल्ली दुकानाच्या उद्घाटनाला येणारे काका-मामा हाच आकडा विचारतात, मी धरून.

मग नोकरी कधी सोडणार, हा प्रश्न मी दोघांनाही एकदमच विचारतो. उत्तर तयार आहे आणि ते विक्रीत मोजलेलं नाही. देखभालीच्या करारांतून येणारी रक्कम, खर्च जाऊन, सलग बारा महिने त्याच्या पगाराएवढी झाली तर. सध्या ती निम्म्याच्या थोडी वर आहे. तोवर घराचा हप्ता आणि मुलीची फी पगारातून जाते, आणि म्हणूनच आज दुपारी साठ दिवसांच्या उधारीला त्याला नाही म्हणता आलं. हप्ता त्या पाच लाखांवर अवलंबून असता, तर तो हो म्हणाला असता. शेजारच्या गाळ्यातला झेरॉक्सवाला तेच करून गेल्या वर्षी बुडाला. त्याच्या शटरवर आता बँकेची नोटीस आहे.

भाचेसून डिसेंबरची विक्री शेवटची एकदा चाळते, विवरण भरते आणि पडद्यावरचा पोचपावतीचा नंबर वहीत उतरवून घेते. भाचा चारही लॅपटॉप कपाटात ठेवतो. क्लासवाला उद्या सकाळी न्यायला येणार आहे, पैसे घेऊन.

वाचकहो, तुमच्याही ऑफिसात, दवाखान्यात, सोसायटीत कुणीतरी संगणक लावून, तारा ओढून, कॅमेरे बसवून गेलेलं असेल आणि त्याचं बिल कुठल्या तरी फायलीत पडून असेल. त्याने त्यावरचा कर केव्हाच भरून टाकलाय. सोमवारची वाट न बघता ते बिल आजच काढा आणि पैसे पाठवून द्या.